लाखेचा कुंकवाचा करंडा: झाकण अडकू नये, रंग सुटू नये म्हणून

संक्रांत ते रथसप्तमी हा आमच्या विक्रीचा हंगाम. हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला लाकडी करंडे मागणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. तळकोकणात लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) घेऊन बसलेले नवे कारागीर आणि बचत गट वाढलेत, आणि त्यांच्याकडून मला दर पावसाळ्यात तेच तीन प्रश्न येतात. झाकण उघडतच नाही. रंगाचा पापुद्रा निघतो. चकचकीत लाख पांढरी पडते. मग जो तो लाखेला दोष देतो, दुसरा चपडा, म्हणजे पत्र्यांसारखी विकत मिळणारी लाख, आणतो, रंग बदलतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच.

मीही हे भोगलं आहे. एका दुकानाला दोनशे करंडे दिले होते. ऑगस्टमध्ये त्यातले साठ-सत्तर परत आले, झाकणं घट्ट बसलेली. काही मी फोडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. खालचा भाग जुन्या, वाळलेल्या लाकडाचा होता आणि झाकणं घाईने नव्या फळीतून काढलेली. लाख चांगलीच होती. चूक तिच्या चार महिने आधी झालेली होती.

म्हणून या लेखातला अर्धा मजकूर लाखेच्या आधीच्या कामाबद्दल आहे. तो भाग ओलांडून थेट लाखेवर जाऊ नका.

इथे उदाहरणासाठी घेतलेला करंडा साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचा, ७ सेंटिमीटर उंचीचा, झाकणासह. भातुकली, भोवरे, लाखेच्या बांगड्या ठेवायचे दांडे यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

आधी वेळेचं गणित

संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. तिथून मागे मोजा. माल डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बांधून तयार हवा. लाखकाम नोव्हेंबरच्या मध्यापासून. ठोकळे कच्चे कातून ठेवायचे ते ऑक्टोबर सरताना, पाऊस पुरता गेल्यावर. आणि त्यासाठी लागणारं लाकूड मागच्या हिवाळ्यात कापलेलं हवं. दिवाळीनंतर ओलं लाकूड आणून संक्रांतीला करंडे विकायचे, हे होत नाही. ज्यांनी केलं, त्यांचेच करंडे परत आले.

## १. लाकूड निवडणं

शिवण हे माझं पहिलं लाकूड. फिकट रंगाचं, हलकं, वाळताना फारसं वळत नाही, आणि फिकट असल्यामुळे पिवळा-लाल रंग त्यावर खुलतो. काळा कुडा मिळाला तर उत्तम. त्याची रेषा इतकी बारीक की लाख काचेसारखी बसते. कर्नाटकात चन्नपट्टणचे कारागीर लाखेच्या खेळण्यांना हेच झाड वापरतात. आंबा स्वस्त आणि मुबलक, पण त्याला बुरशीचे निळसर डाग पटकन येतात आणि कीड लागते, त्यामुळे कापल्या कापल्या चिरून हवेशीर ठेवता येणार असेल तरच घ्या. पांगारा करंड्याला नको. फार मऊ असतो, झाकणाची कड दोन दिवसांत झिजते. फळांच्या प्रतिकृतींना तो चांगला, कारण तिथे कड नसते.

लाकूड वखारीतून बिल घेऊन आणा. स्वतःच्या परसातलं झाड असलं तरी तोड आणि वाहतूक यांची परवानगी लागते का, हे वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या. झाडाची जात सांगितल्याशिवाय तिथे उत्तर मिळत नाही, म्हणून जात पक्की माहीत करून जा.

फांदी घेऊन तिचाच गोल कातायचा मोह होतो, कारण ती आधीच गोल असते. तो टाळा. खोडाच्या किंवा फांदीच्या अगदी मध्यावर एक मऊ ठिपका असतो. तो ठोकळ्यात राहिला तर तिथून ताऱ्यासारखी चीर जाणारच. चांगला जाड ओंडका घ्या, तो चिरून चौकोनी ठोकळे काढा, आणि मधला ठिपका असलेला तुकडा चुलीसाठी बाजूला टाका.

> तपासा: टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर ते लाकूड वखारीतच सोडा. आतली अळी लाखेखालूनही बाहेर येते.

## २. वाळवणं

इथेच सगळं ठरतं.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत आटतं. आणि जाडीतही सगळीकडे सारखं नाही. वर्षांची वर्तुळं ज्या दिशेने फिरतात त्या दिशेने ते जास्त आटतं, मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून ओल्या लाकडातून काढलेला अचूक गोल वाळल्यावर अंडाकृती होतो. करंड्याचा गळा, म्हणजे झाकण ज्यावर बसतं ती कड, अंडाकृती, झाकणही अंडाकृती, आणि दोघांचे लांबट भाग एकमेकांना आडवे आले की झाकण अडकलं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. ४-५ सेंटिमीटरच्या गळ्याला पाव ते अर्धा मिलिमीटर पुरतो.

आता कृती.

ठोकळे ७ × ७ सेंटिमीटरचे, लांबी ३०-३५ सेंटिमीटर ठेवा. एका ठोकळ्यातून तीन करंडे निघतात आणि टोकाला गेलेल्या चिरा कापून टाकायला जागा राहते. कापल्याच दिवशी दोन्ही टोकांना वितळलेलं मेण किंवा उरलेला ऑइलपेंट जाड लावा. ओल टोकांतून सर्वांत वेगाने निघते, आणि टोकं आधी वाळून आक्रसली की चीर पडते. दुसऱ्या दिवशी लावलेल्या मेणाचा उपयोग फार कमी.

ठोकळे जमिनीपासून फूटभर वर, एकमेकांत बोटभर पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत, नाहीतर ठोकळा मधे वाकतो. सावली हवी, वारा हवा, ऊन नको. गच्चीवर उन्हात टाकलेलं लाकूड वरून वाळतं, आतून ओलंच राहतं आणि फाटतं.

दोन-अडीच महिन्यांनी, ओल बऱ्यापैकी उतरल्यावर, ज्यांच्याकडे चूल पेटते त्यांनी ठोकळे चुलीवरच्या माळ्यावर ठेवावेत. आमच्याकडे जुने लोक हेच करत. धुराने कीडही लांब राहते. ओलं लाकूड मात्र थेट माळ्यावर चढवू नका.

किती महिने? महिन्यांवर जाऊ नका, काट्यावर जा. पिठाचं माप घ्यायचा साधा डिजिटल काटा पुरतो. प्रत्येक थरातले दोन ठोकळे निवडा, त्यांवर नंबर घाला, दर रविवारी वजन करून ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ तीन आठवडे वजन उतरायचं थांबलं, म्हणजे लाकूड तुमच्या हवेशी जुळलं. पण तुमची हवा जुलैची असेल तर हे जुळणं काही कामाचं नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत लाकूड पाणी परत ओढून घेतं. ही चाचणी नोव्हेंबर ते मे यांच्यातच धरायची.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांच्यासाठी पक्का हिशेब असा: ठोकळ्याच्या मध्यातून पातळ चकती कापा, टोकाची नको. लगेच वजन करा. १०३ अंशाला ठेवून, तासातासाने वजन करत, ते उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. आधीचं वजन ११२ ग्रॅम आणि नंतरचं १०० ग्रॅम असेल तर १२ टक्के ओल होती. १२ किंवा त्याखाली आलं की कातायला घ्या. १५ असेल तर थांबा, ऑर्डर कितीही मोठी असो.

> सावधान: जुने आणि नवे ठोकळे एकाच ढिगात मिसळू नका. टोकावर महिना आणि वर्ष रंगाने लिहा. माझे करंडे परत आले ते नेमके या एका सवयीअभावी.

## ३. कच्चं कातणं आणि विश्रांती

लेथवर बसण्याआधी कपडे. गटात बहुतेक आम्ही बायका, म्हणून मी हे पहिल्या दिवशी सांगते आणि रोज पाहते. साडीचा पदर खोचून भागत नाही, वर पूर्ण बाह्यांचा नव्हे तर आखूड बाह्यांचा घट्ट शर्ट किंवा मागे बांधायचा एप्रन हवा. ओढणी काढून ठेवायची. केस बांधून टोपी किंवा रुमाल. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं लांब मंगळसूत्र काढायचं किंवा आत घट्ट बांधायचं. हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचं टोक अडकलं की हात आत ओढला जातो. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क.

ठोकळ्याचे चारी कोपरे रंध्याने किंवा करवतीने मारून अष्टकोनी करा आणि मग चढवा. गोल पटाशीने गोल करा, पण अंतिम मापाला आणू नका. ६ सेंटिमीटरचा करंडा हवा असेल तर साडेसहावर थांबा. आता महत्त्वाचं: जिथून झाकण वेगळं होणार आहे तिथे दोन्ही भागांवरून जाणारी एक उभी पेन्सिलीची रेघ लांबीच्या दिशेने ओढा. झाकण आणि खालचा भाग एकाच ठोकळ्यातून, शेजारी शेजारी निघाला पाहिजे, आणि पुढे ते याच रेघेवर जुळले पाहिजेत. दोघांची वर्तुळं एका रेषेत असली की दोघं सारखंच आटतात, सारखंच फुगतात, आणि झाकण कुठल्याही ऋतूत फिरतं.

मग दोन्ही भाग वेगळे करा, आतलं पोकळ करून भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड ठेवा, जोडीला एकच नंबर घाला, आणि दोन ते तीन आठवडे सावलीत ठेवून द्या. पोकळ झाल्यावर लाकडातला आतला ताण सुटतो आणि ते थोडं हलतं. ते हलणं आत्ताच होऊन जाऊ द्या. ही विश्रांती जवळजवळ सगळे गाळतात, कारण लेथवर चढवलेला तुकडा पूर्ण करून उतरवला की काम झाल्यासारखं वाटतं.

> तपासा: विश्रांतीनंतर खालच्या भागाच्या तोंडाचा व्यास कॅलिपरने दोन आडव्या दिशांना मोजा. फरक एक मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर लाकूड अजून ओलं आहे. जोडी परत माळ्यावर.

## ४. अंतिम कातणं आणि झाकण

खालचा भाग चकमध्ये (लेथवर तुकडा पकडणाऱ्या जबड्यात) घट्ट धरा. आधी गळा, म्हणजे झाकण ज्यावर बसतं ती कड, थोडा जाड काढून ठेवा. तिची उंची ६ ते ८ मिलिमीटर पुरे. गळा वर निमुळता होत गेला तर झाकण आधी घट्ट वाटतं आणि आठवड्यात सैल होतं, त्यामुळे दोन्ही टोकांना माप सारखं आहे याची खात्री करा.

झाकण आतून आधी पूर्ण करायचं आणि मग त्याच्या मापाला गळा झिजवत आणायचा. उलट क्रमाने केलं तर झाकणाच्या आत पटाशी घालून केसभर काढणं फार अवघड जातं. एका वेळी थोडंच घासा, थांबा, झाकण लावून पाहा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत झाकण स्वतःच्या वजनाने हळूच खाली सरकलं पाहिजे आणि बोटाने फिरवल्यावर अडू नये. उलटा धरल्यावर ते पडलं तर चालेल. नव्या कारागिराला घट्ट, "टप" आवाज करणारं झाकण आवडतं, गिऱ्हाइकालाही दुकानात तेच आवडतं. जुलैत मात्र तेच झाकण पक्कडीने उघडावं लागतं. करंडा देव्हाऱ्यापाशी राहतो, रोज एका हाताने उघडला जातो. सैलच बरा.

बाहेरचा आकार काढताना ज्या दोन रंगांचे पट्टे शेजारी येणार आहेत त्यांच्यामध्ये तिरप्या पटाशीच्या टोकाने एक बारीक खाच मारून ठेवा. लाखेचे दोन रंग तापल्यावर एकमेकांत जातात. खाच त्यांना अडवते.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने. एकही नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत, आणि फिकट लाखेखाली ते उन्हात धरल्यावर स्पष्ट दिसतात. २२० नंतर लेथ बंद करून हाताने लाकडाच्या रेषेच्या दिशेने दोनदा घासा आणि थांबा. त्याहून गुळगुळीत केलेल्या लाकडावर लाख नीट धरत नाही, असा माझा अनुभव आहे. धूळ कोरड्या सुती कापडाने पुसा. ओलं फडकं चालणार नाही, तेलकट हातही नाही.

## ५. लाखेच्या कांड्या

तयार कांड्या मिळतात, पण त्यात कोणता रंग घातला आहे हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर घेऊ नका. स्वतः करणं अवघड नाही.

चपडा लाख घ्या, पातळ पत्र्यांसारखी, नारिंगी-पिवळी. जुनी लाख घेऊ नका. वर्ष-दोन वर्षं दमट जागी पडून राहिलेल्या चपड्याचे तुकडे एकमेकांना चिकटून गड्डा होतो आणि तो नीट वितळत नाही. पांढरा, पिवळा, आकाशी असे स्वच्छ रंग हवे असतील तर फिकट चपडा शोधा. गडद चपड्यात निळा घातला की हिरवट होतो.

रंगाबद्दल स्पष्टच सांगते. शेंदूर घालू नका. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. भडक पिवळा आणि नारिंगी देणारे काही स्वस्त रंगही शिशाच्या क्रोमेटचे असतात. करंडा देवघरात असला तरी रांगतं पोर तो तोंडात घालतंच. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, लालसाठी लोखंडाचा लाल ऑक्साइड म्हणजे गेरूच्या जातीचा रंग, पिवळ्यासाठी हळद, निळ्यासाठी नीळ. हळदीचा पिवळा उन्हात फिकट होतो, म्हणून तो बाहेर मांडायच्या वस्तूला नको, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. विकतची पूड घेताना शिसं नसल्याचं विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे. आपल्या कांड्यांना मी तीच कमाल मर्यादा धरते.

कृती: १०० ग्रॅम चपडा, १० ते १५ ग्रॅम रंगाची पूड. रंग वस्त्रगाळ करून घ्या, गाठ राहिली तर लेथवर रेघ उमटते. लोखंडी शेगडीत कोळशाचे निखारे, ज्वाला नको. चपडा लोखंडी पळीत किंवा काठीच्या टोकाला धरून मऊ करा. लाख साधारण ७०-८० अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळते, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी. मऊ गोळ्यात थोडा थोडा रंग घालत, दगडावर दाबत, ताणत, दुमडत राहा, रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत. हात भाजतो, म्हणून गोळा काठीवरच ताणा. शेवटी गुळगुळीत पाटावर लाटून बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या कांड्या करा.

इथली मोठी चूक म्हणजे पुन्हा पुन्हा तापवणं. लाख फार वेळ उष्णतेवर राहिली की तिचा स्वभावच बदलतो, रबरासारखी होते आणि परत वितळत नाही. रंग जमला नाही म्हणून चौथ्यांदा निखाऱ्यावर धरलेला गोळा टाकून द्या. दुसरी चूक, लाख स्वस्त पडावी म्हणून राळ घालणं. राळ चमक देते, पण पापुद्रा ठिसूळ होतो आणि टिचकीने उडतो.

> तपासा: गार झालेली कांडी मोडून पाहा. कटकन तुटून मोडलेली बाजू चकाकली पाहिजे. वाकली तर आत ओल किंवा जास्त मेण आहे.

## ६. लाख चढवणं

पावसाच्या किंवा धुक्याच्या सकाळी हे काम करू नका. दहा वाजल्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर बसा.

करंडा लेथवर, ६ सेंटिमीटर व्यासाला मिनिटाला साधारण १२०० ते १५०० फेरे. लहान वस्तूला वेग वाढवावा लागतो, कारण उष्णता घर्षणातूनच येते. आधी सुती कापड फिरत्या लाकडावर दाबून लाकूड कोमट करून घ्या. थंड लाकडावर वितळलेली लाख टेकली की ती वरचेवर गोठते, आत मुरत नाही. हाच तो पुढे सुटणारा पापुद्रा.

कांडी खालच्या बाजूने, तिरपी धरून टेकवा. जोर एकदम देऊ नका. लाख वितळून रेघेसारखी लागली की कांडी डावीकडून उजवीकडे संथ सरकवा. पहिला हात पातळ आणि ठिपक्या-ठिपक्यांचा दिसेल, तसाच हवा. त्यावर बांबूची गुळगुळीत पट्टी किंवा टणक लाकडाचा सपाट तुकडा दाबून लाख पसरवा. मग दुसरा हात, पुन्हा पसरवणं. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कैक पटींनी टिकतात.

फिकट रंग आधी, गडद नंतर. गडद लाखेचे कण फिकटावर उडाले तर निघत नाहीत.

गळ्यावर आणि झाकणाच्या आतल्या कडेवर लाख लावायची नाही. हे ठळक अक्षरांत कार्यशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. लाख लागलेला गळा आणि लाख लागलेलं झाकण मे महिन्यात टेंपोत तापलं की एकजीव होतात. करंड्याची आतली पोकळीही कोरडीच ठेवा. तिथे तेल लावलं तर कुंकवाच्या गुठळ्या होतात.

शेवटची चमक केवड्याच्या पानाने. खाडीकाठी केतकीची बनं आहेत तिथे पानं फुकट मिळतात. वाळलेलं पान घ्या, दोन्ही कडांचे आणि मधल्या शिरेवरचे काटे सुरीने काढा, वीतभर तुकडे करून दुमडा. खोबरेल तेलाचा एकच थेंब पानावर घ्या आणि फिरत्या लाखेवर दाबून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्या. मधेच थांबलात तर तिथे वळ उमटतो. तेल फक्त याच टप्प्यावर, त्याआधी कधीही नाही.

काही बिघडलं तर:

पांढुरका थर आला, तर आत ओल अडकली आहे. लेथवर कापडाने पुन्हा कोमट करून पाहा. थर गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला नाही तर हवेची ओल होती. परत आला तर लाकूडच ओलं आहे आणि तो करंडा विकायचा नाही.

बारीक खड्डे दिसले तर धूळ राहिली होती किंवा लाकडाची भोकं मोठी आहेत. तेवढ्या जागी कांडी टेकवून भरा, पट्टीने पसरवा.

काळसर वळ आले तर जोर जास्त पडून लाख करपली. पटाशीने तो पट्टा खरवडून पुन्हा चढवा. करपलेल्या लाखेवर नवी लाख धरत नाही.

> तपासा: एक दिवस ठेवून चिकटपट्टी लाखेवर घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. रंगाचा तुकडा पट्टीबरोबर आला तर त्या दिवसाचा सगळा माल वेगळा काढा आणि प्रत्येक करंडा तपासा.

## ७. किंमत काढणं

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. वाया गेलेल्या तुकड्यांसह लाकूड २० रुपये, लाख आणि रंग १५, वीज आणि पॉलिश पेपर ८, बांधणी १२. झाले ५५. एका करंड्याला सगळ्या टप्प्यांत मिळून पाऊण तास लागला आणि तासाला १०० रुपये धरले तर मजुरी ७५. एकूण १३०. शंभरातले दहा तुकडे तडा, डाग, झाकण यामुळे बाद होतात. त्यांचा खर्च उरलेल्या नव्वदांवर पडतो, म्हणजे सुमारे १४४. हत्यारं आणि लेथची झीज ६ धरली की १५०.

बाजारातल्या दुकानाने ४० टक्के घ्यायचे म्हटलं आणि तुम्ही छापील किंमत २५० ठेवली, तर हातात बरोबर १५० येतात. नफा शून्य. ही बेरीज न करता "अडीचशे म्हणजे पुष्कळ झाले" म्हणणारे गट मी बघितले आहेत. आणि बहुतेक वेळा गाळलेला आकडा मजुरीचाच असतो, त्यातही घासणाऱ्या, पुसणाऱ्या बाईची मजुरी. तिचा वेळ घड्याळ लावून मोजा.

वाणाच्या घाऊक मागणीला २५ च्या पटीत भाव द्या, निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर संक्रांतीची नवी मागणी घेऊ नका. "विकलं की पैसे" या बोलीवर माल ठेवायचा असेल तर नग, दर, परत नेण्याची तारीख आणि खराब झालेला नग कोणाच्या खाती, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. सावंतवाडीची चितार आळी असो की मुंबईतलं महालक्ष्मी सरस प्रदर्शन, तोंडी बोलीवर माल सोडू नका.

## ८. कागदपत्रं

दोनच गोष्टी, पण त्या हंगामाआधी.

केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे कारागीर म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. करंडा खेळणं नाही, पण त्याच लेथवर तुम्ही भातुकली आणि भोवरे करणारच.

पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे, दोन्ही येतात. अर्ज सीएससी म्हणजे सरकारी सेवांच्या केंद्रातून, आधारच्या बोटाच्या ठशाने होतो, आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. प्रशिक्षणाच्या दिवसांना रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ही मदत आली तर आधी चांगला चक आणि कॅलिपर घ्या. रंगीत बॉक्स नंतर.

## ९. बांधणी

लाख गरमीत मऊ होते, एवढं एक लक्षात ठेवलं की बांधणीचे सगळे नियम आपोआप कळतात. वर्तमानपत्रात गुंडाळलात तर छपाई लाखेवर उमटते. फुगे असलेलं प्लॅस्टिक थेट लावलंत तर गोल ठसे पडतात. प्रत्येक करंडा आधी बटर पेपरमध्ये, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोन करंड्यांच्या मधे पुठ्ठ्याचा पडदा. झाकण आणि गळा यांच्यामध्येही बटर पेपरची पट्टी. चढवल्यानंतर आठ दिवस तरी माल बांधू नका. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीने दुपारी पाठवू नका. रात्रीची एसटी किंवा पहाटेचा टेंपो बघा.

सोबत छोटी चिठ्ठी घाला, मराठीत, मोठ्या अक्षरांत: कोरड्या कापडाने पुसा. धुऊ नका. सॅनिटायझर आणि अत्तर लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. उन्हात ठेवू नका. झाकण रेघ जुळवून लावा.

त्या शेवटच्या वाक्यासाठी झाकणावर आणि खालच्या भागावर, पेन्सिलीची रेघ होती तिथे, पटाशीने एक बारीक खूण कोरून ठेवा. लाख चढवण्यापूर्वी.

## १०. घरचा नमुना

प्रत्येक घाण्यातला एक करंडा विकू नका. तळाशी लाकूड कापल्याचा महिना, कातल्याची तारीख आणि लाख चढवल्याची तारीख लिहा आणि तो कार्यशाळेत उघड्या फळीवर ठेवा, कपाटात नाही. दर महिन्याच्या एक तारखेला झाकण उघडा, फिरवा, लाखेवर बोट फिरवा, आणि काय झालं ते वहीत एका ओळीत लिहा. जून ते सप्टेंबरच्या चार ओळी सर्वांत महत्त्वाच्या. त्या वाचूनच पुढच्या नोव्हेंबरला गळा किती सैल ठेवायचा ते ठरवा.